लाल औषध

ढाणकीच्या दवाखान्यात डॉक्टर फक्त बुधवारी येत. इतर दिवशी कंपाउंडरच डॉक्टरसाहेब असे. पोरांच्या सर्दी-खोकल्यावर त्याचं एकच लाल औषध. बाटली मात्र तो अशा गांभीर्यानं हलवी, की आयांनी श्वास रोखून बघावं. "काहून घाबरून राह्यली, बाई? परवा पोट्टं अंगणात धावन!"

माझ्या दोन वर्षांच्या मुलीला नेलं, तेव्हा त्यानं बाटलीला हात लावला नाही. श्वासागणिक आत ओढल्या जाणाऱ्या तिच्या फासळ्यांकडे तो पाहत राहिला.

"मी काई डाक्टर नाई, भाऊ. इले पुसदले न्या. आत्ताच."

त्याचं इतकं खरं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. पुसदची मोटार सुटली होती. तो धावत तिच्यापुढे आडवा झाला आणि आम्ही आत बसेपर्यंत ड्रायव्हरच्या शिव्या खात तिथंच उभा राहिला.