रोजीनचं छापलेलं नाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही धड कळत नाहीये.

इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीत, आमच्या शेजारी रोजीन राहायची. सिरियातली कुर्द, अरबांहून वेगळ्या भाषेची, वेगळ्या लोकांतली. तिच्या लहानपणी तिथे कुर्दी नावं सरकारी कागदावर चालत नसत, म्हणून कागदोपत्री ती अमल. अरबी नाव. बँकेत कुणी 'अमल' अशी हाक मारली, की तिचं तोंड कडू व्हायचं. रोजीन म्हणणारे इथे दोघंच, तिचा नवरा आणि मी.

मी दापोलीकडची कोकणी मुसलमान. इथल्या मराठी कार्यक्रमांत दर वेळी कुणीतरी म्हणतंच, "तुमचं मराठी किती छान आहे हो." जशी काही शेजारणीची साडी नेसून आलेय. झोंबतं मला. मग रोजीनचं दुखणं मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. तिथेच तर गोम आहे.

मी तिच्यावर कथा लिहिली. तिला विचारून. तिने एकच मागितलं — "हबीबती, सखे, माझं नाव छापलेलं मला एकदा बघायचंय."

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. कथा झकास आहे, पण कुर्द म्हणजे कोण हे वाचकाला कुठे समजावत बसता? सरळ अरब करा. मी हो म्हटलं. वाद घातला नाही, एकदा विनवलंसुद्धा नाही. मला कथा छापून यायला हवी होती — माझ्या नावासकट. मी 'रोजीन' खोडलं. आणि दुसरं नाव शोधायचाही कंटाळा केला, 'अमल' लिहिलं.

अंक आला. "कुठे आहे मी?" तिने विचारलं. तिला मराठी अक्षर वाचता येत नाही, हे मला माहीत होतं — म्हणूनच ना? मी 'अमल'वर बोट ठेवलं आणि म्हटलं, हे बघ, रोजीन. ती त्या अक्षरांवरून हात फिरवत राहिली. रडली.

पुढे ते लोक अल ऐन शहरात राहायला गेले. गेल्या ईदला आम्ही भेटायला गेलो. दारावर नवी पाटी होती. तिच्या लेकीने अंकात बघून रंगवलेली, निळ्या देवनागरी अक्षरांत — अमल.

"छान आलंय ना माझं नाव?" रोजीनने विचारलं.

मी हो म्हटलं.