विचाराची वेळ पाच ते साडेपाच

गॅरेजमध्ये भंगार साठतं तसे किस्से साठतात. कुणी मुद्दाम ठेवत नाही आणि कुणी टाकतही नाही. दोन हजार सालच्या आसपास मी नववीत शाळा सोडून शिवाजी पेठेत तात्या मिस्त्रींच्या स्कूटर गॅरेजात लागलो. बोलायला लाजायचो, त्यामुळे ऐकायला भरपूर मिळालं. त्यातलं निम्मं तिथल्याच कारागिराचं, सुधाकरदादाचं. इंजिनात हात चांगला, पण डोक्याला ब्रेक नाही.

*

एक गिऱ्हाईक गाडी घेऊन काही न बोलता गेलं. दादा दिवसभर अस्वस्थ. "चिडला असंल. कायतरी राहिलं असंल."

शेवटी सायकल मारत कळंब्याला त्याच्या घरी गेला. माणूस गाल धरून बाहेर आला आणि कसाबसा म्हणाला, "पावणं, दाढ काढलीया."

दादा परत आला तो नवीन काळजी घेऊन. "दुखत असताना त्येला बोलाय लावलं. आता चिडला असंल."

*

तात्यांनी उपाय काढला. डोक्यात विचार सुरू झाला की दादानं कार्ब्युरेटर साफ करायचा.

महिन्याभरानं तात्या म्हणाले, "सगळ्या पेठंचं कार्ब्युरेटर लख्ख झालं. ह्येचंच तेवढं चोकअप हाय."

*

मग एका गिऱ्हाइकानं त्याला तणावमुक्तीच्या व्याख्यानाला नेलं. तिथले सर म्हणाले, दिवसभर काळजी करू नका, तिला एक वेळ ठरवून द्या. दादानं पाच ते साडेपाच ठरवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पान्हा हातात धरून नुसता उभा.

"काय झालं रं?" तात्यांनी विचारलं.

"पाचला नेमका कशाचा इचार करायचा, त्येचा इचार चाललाय."

पण हळूहळू जमलं, हे मान्य करायला हवं. काही सुचलं की म्हणायचा, "पाचला बघू." पाचला बऱ्याचदा ते आठवायचंच नाही.

*

दादा गडहिंग्लजला मुलगी बघून आला. नाव सुवर्णा. तिकडून होकार आला, उत्तर दादाकडं अडकलं.

"पोरगी पसंत हाय न्हवं?" तात्या म्हणाले.

"लई पसंत हाय."

"मग?"

"मी पाच ते साडेपाचचं सांगितलं तर ती हसली. का हसली असंल?"

आता पाचला तेवढाच विचार. एसटीडी बूथवर जाऊन सुवर्णाच्या घरचा नंबर फिरवायचा, पलीकडून 'हॅलो' आलं की ठेवायचा. मग कळलं, सुवर्णाला दुसरं स्थळ आलंय. दादा जेवायचाच बंद झाला.

*

शनिवारी साडेचारला सुवर्णा आणि तिचे वडील अण्णा थेट गॅरेजात आले.

अण्णा म्हणाले, "व्हय का न्हाई, तेवढं तोंडानं सांगा."

"जरा इचार..." दादा चाचरला.

"करा की," सुवर्णा म्हणाली. "पाचला अजून अर्धा तास हाय. आमी बसतो."

दोघं बाकावर बसले. तात्यांनी चहा मागवला. पाचला दादा कार्ब्युरेटर मांडीवर घेऊन विचाराला बसला. साडेपाचला सुवर्णा उठली.

"टाइम संपला. आता बोला."

"व्हय," दादा म्हणाला.

तात्यांनी मला पेढे आणायला पिटाळलं. मी दारापर्यंत पोचलो, तेवढ्यात मागून दादाचा आवाज आला, "पर त्या दिवशी तुमी हसला का?"

"ते उद्या पाचला," सुवर्णा म्हणाली.