डोणीतलं मीठ

त्या पोरीच्या अंगात काहीही नव्हतं, हे मला तिथंच, त्याच क्षणी माहीत होतं. हे वाक्य मी आजवर कुणापुढं बोललो नाही. बायकोला सांगितलं नाही. माय शेवटच्या आजारात होती, मी तिच्या उशाशी बसून असायचो, तेव्हा ते ओठांवर आलं आणि मी तिला पाणी पाजलं. मी मुळातच कमी बोलणारा, असं सगळे म्हणतात. कमी बोलण्यामागं काय असतं ते कुणी विचारत नाही.

आमचं गाव मांजरसुंब्याहून केजकडं जाताना लागतं. फाट्यावर अप्पांचं किराणा दुकान, गावाला लागून थोडी जमीन, तिच्यात एक विहीर. मी बी.एस्सी. होऊन बीडला एका कॉलेजात प्रयोगशाळेत हंगामी कामाला होतो. वायरी गुंडाळायच्या, काचसामान पुसायचं, पोरांनी बिघडवलेलं सामान जागेवर ठेवायचं. सुट्टीला गावी आलो की दुकानासमोरच्या बाकावरची मंडळी ठरल्यासारखी विचारायची, "काय बे, किती बाटल्या धुतल्यास?" मी हसायचो. अप्पाही हसायचे, ते जास्त लागायचं.

त्या वर्षी गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे जमीन हलली. आमच्याकडं भांडी वाजली, दुकानाच्या भिंतीला चीर गेली, एवढंच. पण दक्षिणेला लातूर-उस्मानाबादकडं गावंच्या गावं दगडमातीखाली गेली होती. सकाळ उजाडल्यावर ते कळलं. मग फाट्यावरून मदतीचे ट्रक जायला लागले. जाताना त्यांत धान्य असायचं, घोंगड्या असायच्या. येताना ट्रक रिकामे असायचे आणि ड्रायव्हरांकडं बातम्या असायच्या.

"भूकंप न्हाईच तो," एक ड्रायव्हर आमच्या बाकावर बसून चहा पिता पिता म्हणाला. "जमिनीखाली अणुबाँब फोडलाय. तिकडं आता भुईतून किरण निघायलेत."

"किरण म्हंजे?" अप्पांनी विचारलं.

"दिसत न्हाईत. पण माणसाचे केस झडायलेत. म्हशी गाभ टाकायल्यात."

"तुमी बघितलं?"

"मी कावून बघू? मी माल उतरवून तसाच फिरलो."

असं काही नाही म्हणून रेडिओवर सांगितलं, पेपरात छापून आलं. त्यानं भीती वाढलीच. नाही म्हणतायत त्या अर्थी असणार. आमचं गाव तसंही अंगणात झोपत होतं. जमीन पुन्हा हलेल ही भीती होतीच. पण ती भीती ओळखीची होती. ही दुसरी कशी दिसते, कुठून येते, कुणालाच ठाऊक नव्हतं. हापशाचं पाणी खोलातून येतं म्हणून बायकांनी हापसा सोडला. दक्षिणेकडून आलेला पाहुणा असला तर त्याला ओसरीवरच पाणी द्यायचे आणि तांब्या राखेनं घासून उन्हात पालथा घालायचे.

एका रविवारी बाकावर हाच विषय चालू होता. एकजण माझ्याकडं बघून म्हणाला, "हा सायन्सवाला हाय की. ह्याला विचारा."

दुसरा म्हणाला, "त्याला बाटल्याचं विचार."

आणि मी बोललो, "किरण मोजायचं यंत्र असतंय."

बोलायचं कारण काहीच नव्हतं. फक्त त्या बाकावर एकदा तरी मला गप्प व्हायला लागू नये, एवढीच इच्छा.

"मग आन की बे."

ते यंत्र आमच्या कॉलेजात नव्हतं. मी ते फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं. पुढच्या सुट्टीला मी पिशवीत घालून आणलं ते गॅल्व्हानोमीटर. म्हणजे काळी पेटी, वर काच, मधोमध शून्य आणि शून्यावर थरथरणारा काटा. त्याला विजेचा बारीकसा प्रवाह कळतो. किरणांचं त्याला काही कळत नाही. पाण्यात बुडवायला काहीतरी हवं म्हणून मी त्याला दोन वायरींनी एक तांब्याची आणि एक जस्ताची पट्टी जोडली. असल्या दोन पट्ट्या पाण्यात घातल्या की थोडी वीज आपोआप तयार होते. दहावीची पोरं हा प्रयोग करतात. साध्या पाण्यात टोकं बुडवली तर काटा जरासा हलायचा. तो जरासा हलला म्हणजे पाणी चांगलं, असं मीच ठरवून टाकलं.

हापशावर पन्नासेक माणसं जमली होती. मी टोकं बुडवली, काटा जरासा हलला. मी म्हणालो, "काही न्हाई. प्या."

एका म्हातारीनं तिथंच ओंजळ भरून पाणी प्यायलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. मग मी शाळेची टाकी बघितली, मारुतीजवळचा आड बघितला, शेवटी आमची विहीर. सगळीकडं "प्या." लोक मोकळे झाले. माझ्या चहाचे पैसे कुणी मला देऊ देईना. मला खोटं बोलल्यासारखं वाटलंच नाही, कारण पाणी खरंच चांगलं होतं. खोट्या यंत्रानं मी खरं सांगत होतो. हे समर्थन मी त्या दिवशी तयार केलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते पुरलं.

दुसऱ्या दिवशी मामा आले.

मामा म्हणजे माझ्या मायचे मानलेले भाऊ, मेंढपाळ. आम्ही वाणी, ते धनगर. पण मायला सख्खा भाऊ नव्हता आणि मी जन्मायच्या आधीपासून दर दिवाळीला ते तिच्याकडून ओवाळून घ्यायचे. खरिपाची पिकं निघाली की त्यांचा कळप आमच्या रानात बसायचा. मेंढ्या चार-सहा रात्री एका जागी बसल्या की रानाला खत मिळतं, बदल्यात मेंढपाळाला धान्य. अप्पांच्या लेखी तो व्यवहार होता. मायच्या लेखी माहेर चालत दारात यायचं.

त्या वर्षी ते एकटे कळप घेऊन आले. घोड्यावर बिऱ्हाड आणि बिऱ्हाडावर तीनेक वर्षांची पोर. त्यांची लेक भूकंपातल्या गावी दिलेली होती. लेक-जावई गेले, ही नात दुसऱ्या दिवशी मातीखालून जिवंत निघाली. हे त्यांनी मायला उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगितलं. मग म्हणाले, "आक्का, मेंढरामागं हिचे हाल व्हतील. पावसाळ्यापस्तोर तुझ्याजवळ ठेवशील का?"

"इचारायलाव काय," माय म्हणाली. तिनं पोरीला कडेवर घेतलंसुद्धा.

मामा दुकानात गेले, अप्पांकडून खडेमीठ घेतलं. मेंढ्या दूरवरून चालून आल्या की ते पाण्यात मीठ कालवून पाजायचे, त्यांची रीतच होती. मिठाचं पाणी पिलं की मेंढरू चरायला लागतं, म्हणायचे. आमच्या विहिरीजवळ जनावरांना पाणी पाजायची दगडी डोण होती. त्यांनी ती भरली, मीठ टाकलं, हातानं ढवळलं. मी समोर उभा राहून हे बघितलं आहे.

तोवर गावात बोभाटा झाला होता, की भूकंपातली माणसं आलीत, मेंढरं आलीत, आणि त्यांचं खत रानात पडणार. दुपारी बाकावरची सगळी मंडळी विहिरीवर आली. त्यांच्यात मामांना वर्षानुवर्षं ओळखणारे होते, त्यांच्याकडून घोंगडी विणून घेतलेले होते.

"तुमच्यावर काय राग न्हाई, पाव्हणं," एकजण म्हणाला. "पर मशीन लावून बघू. मंग बसा खुशाल."

मामा हसले. "लावा की. आमचा भाचाच हाय डॉक्टर."

मी पेटी आणली. डोणीत पट्ट्यांची टोकं बुडवली. काटा शून्यावरून सुटला आणि शेवटाला जाऊन टेकला.

मिठाच्या पाण्यातून वीज सहज जाते. दुसरं काही नव्हतं. ते पाणी आमच्याच विहिरीचं, आदल्या दिवशी मीच "प्या" म्हणालेलो. मीठ आमच्याच दुकानातलं. मला तोंड उघडून म्हणायचं होतं, "मीठ हाय." पण मग कुणीतरी विचारलं असतं, म्हणजे हे मशीन मीठ दाखवतंय का रे? मग कालचं काय होतं?

"काय म्हणतंय?" मागून आवाज आला.

"काटा गेलाय," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. काटा गेलाच होता.

लोक मागं सरकले. कुणी ओरडलं नाही. एकजण हळूच म्हणाला, "मेंढरांनी तोंड घातलं की वो डोणीत." दुसऱ्यानं मायकडं बघितलं. ती पोरीला कडेवर घेऊन बांधावर उभी होती. मामांचंही लक्ष तिकडं गेलं. ते मेंढ्यांबद्दल काहीच बोलले नाहीत. मायच्या कडेवरून नात घेतली, माझ्यासमोर आणून उभी केली.

"भाच्या, हिला बघ," म्हणाले. "हिच्यात न्हाई ना ते? आक्काच्या घरात ठेवायचीय."

मी नको म्हणू शकत होतो. मी पट्ट्या तिच्या हातात दिल्या, एका मुठीत एक, दुसऱ्या मुठीत एक. उन्हातून आलेली घामट पोर. तिला खेळणं वाटलं. तिनं मुठी घट्ट आवळल्या आणि माझ्याकडं बघून हसली. काटा हलला. कुणाच्याही ओल्या मुठीत हलतो. माझ्या हलला असता, अप्पांच्या, सरपंचाच्या. त्या पट्ट्या तिच्या हातातून घेऊन माझ्या मुठीत धरायच्या आणि म्हणायचं, बघा, माझ्यातही आहे. इतकंच करायचं होतं.

मी पट्ट्या घेतल्या, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसल्या आणि पिशवीत टाकल्या.

"हाय का?" मामांनी विचारलं.

मी पिशवीची गाठ मारत राहिलो. मामांनी उत्तर समजून घेतलं.

माय पुढं आली, म्हणाली, "असू दे असलं तर. मी सांभाळते." अप्पा तिला म्हणाले, "फाट्यावर दुकान हाय आपलं. उद्या कुत्रंसुदिक यायचं न्हाई." आणि मामाच म्हणाले, "न्हाई आक्का. तुझ्या घरात लेकरंबाळं हायेत." त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी डोण उपसून पाणी बांधावर सांडलं, दुसऱ्या कुणाच्या जनावरानं पिऊ नये म्हणून. घोडं लादलं. पोर उलटं बसून आमच्याकडं बघत होती.

मी दुसऱ्या दिवशी पेटी कॉलेजच्या कपाटात होती तशी ठेवून दिली. गावातली भीती दिवाळीपर्यंत विरून गेली, जशी आली तशीच. पुढं कधी तो विषय निघाला तर लोक स्वतःलाच हसायचे. "कसले किरण न् कसलं काय." त्या हसण्यात मामांचं नाव कुणी घेत नव्हतं.

त्या भाऊबीजेला माय पाट मांडून बसली. मामा आले नाहीत. सांज झाल्यावर तिनं तबक उचललं, अंगणात आली आणि चंद्राला ओवाळलं. ज्या बाईला भाऊ नाही तिनं असं करायचं असतं. शेवटच्या दिवाळीपर्यंत ती दरवर्षी तसंच करत राहिली. मी दिवा विझू नये म्हणून शेजारी हात धरून उभा असायचो.

मी पुढं बीडलाच कायम झालो. पोरांना गॅल्व्हानोमीटर काढून देत राहिलो. आणि खूप वर्षांनी मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर मामांचा पुतण्या भेटला. त्यानंच ओळखलं. मामा बरे आहेत म्हणाला, आता फिरत नाहीत, पाटोद्याकडं गावीच असतात.

"आणि नात?"

"हाय की. लई गुणी पोरगी. पर लगीन न्हाई झालं."

"कावून?"

"स्थळं यायची. पर काका आधीच सांगून टाकायचा, हिच्या अंगात भूकंपातले किरण हायेत, मशीन लावून बघितलंय, मागून आमाला बोल लावू नका. आमी लई समजावलं. म्हणतो, माझा भाचा खोटं कावून बोलंल?" त्यानं चहा संपवला. "ती बी तशीच. भावजयांची लेकरं कडेवर घेत न्हाई. आपलं ताट येगळं ठेवते."

त्याच्या चहाचे पैसे द्यायला उठलो, तोवर त्यानं दोघांचे दिले होते.

त्यालाही आता काही वर्षं झाली. पाटोदा बीडहून लांब नाही. मी दोनदा एस.टी.त बसलो आणि वाटेत उतरलो. अण्वस्त्रं, किरण, सरकार, यांच्याबद्दल लोकांना काय भय होतं, ते चूक की बरोबर, यावर मी काही सांगणार नाही. त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

गेल्या महिन्यात निवृत्त झालो. जाताना जुनं, मोडीत निघालेलं एक गॅल्व्हानोमीटर मागून घेतलं. ते घरी टेबलावर आहे, पट्ट्यांसकट. मामा आहेत तोवर मला तिथं जायचं आहे. त्यांच्या दारात, तिच्यासमोर, त्या दोन पट्ट्या आधी माझ्या मुठीत धरायच्या आणि काटा हलताना त्यांना दाखवायचा. मग सांगायचं, की ते मीठ होतं, हा घाम आहे, आणि मी हे तेव्हाच जाणत होतो. एवढं देणं आहे. ते अजून दिलेलं नाही.