मिक्सर चालू नव्हता

आठ वर्षं झाली. इतक्या वर्षांत हे माझ्या तोंडून एकदाही निघालेलं नाही. बहिणीला सांगितलं नाही, देवापुढेही नाही. देवापुढे हात जोडले की मी इतर सगळं बोलते, आणि नेमकं इथे येऊन थांबते. आज तुमच्याशी बोलतेय. तुम्ही मध्येच उठून जाऊ शकता, म्हणून कदाचित सोपं जातंय.

आधी माझ्या नवऱ्याबद्दल सांगते. प्रकाश शांती नगरमधल्या एका भांड्यांच्या दुकानात भांड्यांवर नावं घालायचा. मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी — नया नगरच्या मुस्लिम वस्तीतली गिऱ्हाइकं यायची म्हणून उर्दूसुद्धा शिकला होता. लग्नाच्या सीझनमध्ये दिवसाला शंभर भांडी. हात असा, की वाटीच्या काठावर मोहरीएवढं अक्षर काढायचा आणि ते वाचता यायचं. घरी तसा कमी बोलणारा. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर एकदा गॅलरीत कपडे वाळत घालताना, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुला विचित्र वाटेल. मला — कुणी बांधून ठेवलेलं आवडेल. म्हणजे, तू."

मी हसले नाही. एवढं एक बरं केलं मी.

त्याची लाज मला तेव्हाही नव्हती, आजही नाही. दोन मोठी माणसं, एकमेकांना विचारून, आपल्या घरात दार लावून — त्यात कुणाचं काय गेलं? उलट आम्ही फार जपून वागायचो. मी शाळेच्या ऑफिसात काम करते, नियम करायची सवयच आहे मला. नायलॉनची दोरी नाही, माझी जुनी सुती ओढणी. गाठीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. गळ्याला काहीही लावायचं नाही. कपड्यांचे चिमटे प्लास्टिकचे फार आवळतात, म्हणून लाकडी आणले, आणि तेही आधी माझ्या दंडावर लावून बघायचे. स्वयंपाकघरातली कात्री उशीजवळ. दर थोड्या वेळाने त्याला बोटं हलवायला सांगायची. भिंती पातळ, शेजारी ऐकू जातं, म्हणून त्याच्या हातात एक स्टीलचा चमचा असायचा. तो पडला की सगळं थांबलं. लगेच. प्रश्न नाही, एक मिनिट नाही.

आणि बांधलेल्या माणसाला खोलीत एकटं सोडून जायचं नाही. हा नियम माझाच.

रविवार होता, दुपारचे सव्वातीन. त्याचे हात मी डोक्याच्या वर, पलंगाच्या उभ्या फळीला बांधले होते. बेल वाजली. आम्ही गप्प राहिलो. पुन्हा वाजली, आणि बाहेरून आवाज आला, "वयनी! मी हाय, रंजू!" रंजना, प्रकाशची धाकटी बहीण. पूनम सागरला राहते, रिक्षाने दहा मिनिटांवर.

ओढणी कापायला किती वेळ लागला असता? कात्री तिथेच होती. पण मग त्याला शर्ट चढवा, मनगटावरचे वळ लपवा, तोंड नीट करा — आणि तोवर ती दाराबाहेर उभी. मी त्याच्यावर चादर टाकली. "दोन मिनिटांत कटवते तिला," म्हणाले. त्याने मान हलवली. हसला होता तो तेव्हा. मी बेडरूमचं दार ओढून घेतलं.

"दादुस न्हाय का घरात?" तिने आल्या आल्या विचारलं.

"नाही गं, बाहेर गेलाय."

ती काही संकटात असती, रडत आली असती, तर मी तुम्हाला ते सांगितलं असतं. तसं काही नव्हतं. तिच्या नव्या किचनच्या टाइल्स निवडायच्या होत्या. मोबाइलवर फोटो होते. पांढऱ्या, क्रीम, फुलाफुलांच्या. मी बघत बसले. बोलतही होते — क्रीम लवकर मळतं, वगैरे.

चमचा पडला तेव्हा साडेतीन वाजून गेले होते.

मी ऐकला. हे मला नीट सांगू द्या, कारण याच्याभोवती मी आठ वर्षं फिरतेय. फरशीवर पडला, टणटणत थोडा घरंगळला. शंका घ्यायला जागाच नव्हती. रंजनानेही ऐकला. "काय पडला गो?"

"मांजर असेल," मी म्हणाले. "बेडरूमची खिडकी उघडी राहिलीय."

"थांब, हाकलते मी," म्हणून ती उठली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. "बस गं. जाईल आपोआप. चहा टाकते."

कळतंय ना तुम्हाला? मांजर हाकलायला मी जाऊ शकत होते. माझ्याच खोट्याने मला दार उघडून दिलं होतं. आत जाऊन, दार लावून, कात्री चालवून परत यायला मिनिटसुद्धा लागलं नसतं. का नाही गेले? ती मागोमाग आली असती तर? तिने सासूबाईंना सांगितलं असतं तर? लोक काय म्हणतील, एवढंच होतं ते. त्यापेक्षा मोठं काहीही नव्हतं. मी आलं किसलं. दूध टाकलं. बिस्किटं काढली. आतून पुन्हा आवाज आला नाही — पडायला दुसरा चमचा नव्हता त्याच्याकडे. त्याने हाक मारली नाही. तो बाहेर गेलाय असं मी रंजनाला सांगितलेलं त्याने ऐकलं होतं. मला खोटं पाडायचं नव्हतं त्याला.

रंजना सव्वाचारच्या पुढे गेली.

मी ओढणी कापली तेव्हा उजवा दंड फळीच्या धारेवर दाबून पांढरा पडला होता. हात खाली आला आणि मनगट लोंबलं. पिळून दोरीवर टाकलेल्या कपड्यासारखं. तो त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसा बघत होता. "बोटं कळत नाहीयेत गं," म्हणाला. मग म्हणाला, "चमचा ऐकू आला नाही का तुला?"

"मिक्सर चालू होता," मी म्हणाले. "चटणी वाटत होते."

त्याने डाव्या हाताने उजवं मनगट उचलून मांडीवर ठेवलं. "हां," म्हणाला. "असेल."

आमचा मिक्सर लावला की शेजारच्यांच्या भिंतीवरचं घड्याळ हलतं. प्रकाश तर दहा पावलांवर होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी वळ बघितले. हळू आवाजात विचारलं, "काही घट्ट बांधलं होतं का? किती वेळ? मी कुणाला सांगणार नाही, मला फक्त उपचारासाठी हवंय." प्रकाशने माझ्याकडे पाहिलं. सांगायला तयार होता तो. मीच म्हणाले, "रात्री झोपेत हात अंगाखाली आला." बाईंनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि लिहून घेतलं. नस दबली होती.

पट्टा, व्यायाम, विजेचे झटके. मनगट सहा महिन्यांनी उचलता यायला लागलं. अंगठ्यातलं बळ पुरतं आलंच नाही. नावं कोरायच्या मशीनचं पेन धरलं की थरथरतं. शेठने काढलं नाही, गल्ल्याच्या मागे पॅकिंगला बसवलं. नावं आता दुसरा माणूस घालतो, प्रकाशपासून चार फुटांवर बसून. प्रकाश त्याला स्पेलिंग सांगतो.

त्या पहिल्या वर्षात एकदा तो म्हणाला, "चूक माझीच. मीच हाक मारायला हवी होती. लाजलो." मी भाकरी थापत होते. तेव्हा सांगता आलं असतं. इतकं जवळ पुन्हा कधी आलं नाही ते. मी म्हणाले, "जाऊ दे आता." त्याने ते स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं. आम्ही ते सगळं बंद केलं. त्याला वाटतं, त्याच्या काळजीने मी घाबरले. तेही मी वाटू दिलं.

मग त्या दिवशी "असेल" म्हणाला, ते विश्वासाने, की सगळं कळून? हे मी त्याला विचारू शकत नाही. विचारलं की सांगावं लागेल.

सकाळी शर्टाची बटणं त्याला लवकर जमत नाहीत. तो माझ्यासमोर येऊन उभा राहतो, हनुवटी जरा वर करून. आज सकाळीही आला. मी बटणं लावत होते, तर म्हणाला, "तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं?"

मी कॉलर सारखी केली आणि त्याला डबा दिला.