मालिकेचा बडोद्यातला शेवट

आमच्या मांजलपूरच्या सोसायटीत वसुंधराबाईंइतकं स्वच्छ मराठी कोणी बोलत नाही. बाकी आम्ही सगळे खिचडी. माझी बायको स्नेहलता लग्न होऊन बडोद्याला आली तेव्हा गुजराती शेजारणीने तिला विचारलं होतं, ‘नवरी छे?’ गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी, मोकळी. हिला वाटलं, नव्या नवरीची चौकशी चाललीय. ही लाजून हो म्हणाली आणि शेजारणीने मेथीच्या जुड्या निवडायला हिच्यासमोर टाकल्या. वसुंधराबाईंना हा किस्सा इतका आवडायचा की पाहुणे आले की त्या हिला तो मुद्दाम सांगायला लावायच्या.

गेल्या वर्षी केबलवाल्याने आमचं मराठी चॅनल पॅकेजमधून काढून टाकलं. मी त्याच्याशी कचाकचा भांडलो. तो म्हणाला, ‘काका, मराठी कोण जुए छे?’ म्हणजे आम्ही बघणारे कोणीच नाही. मोबाईलवरचं अ‍ॅप पैसे भरून घेतलं, तर नेमकी आमची मालिकाच त्यात नाही. तिचे हक्क म्हणे दुसऱ्याकडे, आणि तो दुसरा इकडे कुठेच दाखवत नाही. गिऱ्हाईक दारात उभं आणि दुकानदाराने शटर ओढलेलं. मग लोक टेलिग्रामवरून चोरून उतरवून घेतात, आणि चोर चोर म्हणून बोंब या चॅनलवाल्यांनीच मारायची. माझं तर डोकंच फिरतं.

वसुंधराबाईंचं फिरलं नाही. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी केलेली बाई, अडलेलं सामान कसं पोचवायचं हे त्यांना पक्कं ठाऊक. त्या पुण्याच्या बहिणीकडून फोनवर भाग ऐकायच्या आणि चहाच्या वेळी सोसायटीच्या बाकड्यावर आम्हाला सांगायच्या. सासूचा खोकला, नवऱ्याचं गुरगुरणं, सगळं त्या एकट्याच. मी पेपर घेऊन बसायचो, पण पान उलटायचं राहून जायचं. टीव्हीवर असती तर तीच मालिका मी पहिल्या जाहिरातीला बंद केली असती.

मालिकेतली संयोगिता नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आली होती. आणि आमच्या बाकड्यावर चिमणाबाईंची उत्कर्षा बसलेली असायची, तीही तशीच माहेरी आलेली, मनगटावरचा डाग ओढणीखाली झाकून. चिमणाबाईंचा सगळा जीव लोक काय म्हणतील यात अडकलेला. त्या सगळ्यांदेखत म्हणायच्या, संयोगिता परत गेली की आमचीही जाईल. त्या गंमत करत नव्हत्या. उत्कर्षा मान खाली घालून कपातला चहा ढवळत राहायची आणि मला त्या माउलीचा राग यायचा.

शेवटच्या भागाच्या दिवशी वसुंधराबाई उशिरा खाली उतरल्या. नवरा न्यायला दारात येऊन उभा राहिला, इथपर्यंत त्यांनी नेहमीसारखं रंगवून सांगितलं. मग त्यांची नजर उत्कर्षाकडे गेली.

‘आणि संयोगिता नवरी झाली,’ म्हणाल्या, आणि कप घेऊन उठल्या.

मायलेकींनी ते आपापल्या भाषेत ऐकलं. चिमणाबाईंना वाटलं, पुन्हा नांदायला गेली. गुजराती शाळेत शिकलेल्या उत्कर्षाला वाटलं, मोकळी झाली. दोघींची चांगलीच जुंपली. शेवटी चिमणाबाई मला म्हणाल्या की भास्करराव, ते टेलिग्राम का काय, त्यावरून काढा. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. दुसरा रस्ता कोणी ठेवलाच नव्हता. मी भाग उतरवला आणि आधी एकट्याने बघितला. संयोगिता शालू नेसून सासूच्या पाया पडते, मागे सनई वाजते.

मी तसाच वसुंधराबाईंकडे गेलो आणि आता हे दाखवू की नको, म्हणून विचारलं. त्यांनी चपला घातल्या आणि माझ्याबरोबर बाकड्यापाशी आल्या. चिमणाबाईंनी मोबाईलसाठी हात पुढे केला होता.

‘चिमणाबाई, ती परत गेली,’ वसुंधराबाई म्हणाल्या. ‘उत्कर्षासमोर मला ते सांगवेना, म्हणून शब्दाआड लपले. पण मालिका तिथंच संपली, म्हणून दुसऱ्या दिवशीची सकाळ मालिकावाल्यांना दाखवावी लागली नाही. तुमच्या लेकीला ती सकाळ काढावी लागेल.’

चिमणाबाईंनी हात मागे घेतला. नोकरीत असताना कोयलीच्या रिफायनरीत मी आगीत शिरणारी माणसं पाहिली आहेत. पण स्वतःची लबाडी स्वतःच उघडी करून लगेच खरं बोलायला जी छाती लागते, ती मी या बाईंची पाहिली. त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो, तो त्या दिवसापासून.

उत्कर्षा मग मांडवीच्या बाजारातल्या साड्यांच्या दुकानात कामाला लागली, बाकड्यावर यायला तिला वेळच उरला नाही. पुढे एकदा आम्ही बाकड्यावर असताना चिमणाबाईंना जावयाचा फोन आला. उद्या न्यायला येतो, तिला तयार ठेवा, असं तो आम्हाला ऐकू येईल इतक्या मोठ्याने सांगत होता. चिमणाबाईंनी त्याला पुरतं बोलू दिलं. एकदा वसुंधराबाईंकडे पाहिलं.

‘येऊ नका,’ त्या म्हणाल्या. ‘आमची उत्कर्षा नवरी नाही.’