आईच्या छातीतल्या जुन्या वायरी

आईला वाटलं, मापच चुकलं. सोनईतल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज शिवणारी ती, आणि स्वतःच्याच ब्लाऊजची डावी बाही दंडाला घट्ट! तिनं टाके उसवून बाही सैल केली. थोड्याच दिवसांत ती पुन्हा काचायला लागली. छातीवर निळ्या शिराही उठल्या, तेव्हा मी तिला बळंच नगरला नेलं. डाव्या खांद्याखाली तिचा पेसमेकर होता.

डॉक्टरांनी शिरेत औषध सोडून फोटो काढला. पेसमेकरपासून हृदयात गेलेल्या दोन वायरींपैकी एक खराब झाली होती. नवी घालायची, तर जुन्यांभोवती शीरच बुजलेली. त्यामुळेच हात सुजत होता.

"मावशी, उजव्या बाजूला सगळं नवं बसवता येईल," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर पुण्याला जाऊन जुन्या वायरी काढायच्या. त्या निघाल्या की त्याच वाटेनं नव्या जातात. पण शीर फाटायचा धोका असतो. वेळ आलीच तर छाती उघडावी लागते."

"आन् उजवीकडं बसवलं तर जुन्या आतच ऱ्हातील?"

"हो."

"मग उद्या उजवी बी बुजली, तर कुठनं घालनार? काढाच त्या."

वडील मुळात कमी बोलणारे. ते म्हणाले, "घरी जाऊन विचार करू."

"म्या केला की," आई म्हणाली.

पुण्यात ऑपरेशनच्या सकाळी तिनं दवाखान्याचा गाऊन उलटासुलटा करून पाहिला. "ह्याचा गळा कुनी कापलाय गं?" तिनं नर्सला विचारलं. नर्स हसत असतानाच तिला आत नेलं.

मग मात्र आमचं हसू आटलं. वडील आईच्या बांगड्या रुमालात बांधून मांडीवर घेऊन बसले. मी चहा आणला, तो तसाच गार झाला. सांगितलेली वेळ टळून गेली, तरी दार उघडेना. माझ्या डोक्यात 'शीर फाटायचा धोका' एवढंच घुमत होतं.

अखेर डॉक्टर बाहेर आले. "वायरी फार चिकटल्या होत्या. वायरींवरून नळी सरकवत, हळूहळू सोडवत काढल्या. दोन्ही अख्ख्या निघाल्या. नव्याही त्याच वाटेनं गेल्या."

वडील उठले, परत बसले आणि तो गार चहा एका दमात प्यायले.

दुसऱ्या दिवशी आईनं हट्टानं जुन्या वायरी पाहिल्या. "आगं बया! एवढ्याशा दोऱ्यावर चालले व्हय मी इतकी वर्सं?"

हाताची सूज उतरली. पण काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायची बंदी होती, त्यामुळे वेणी घालायचं काम वडिलांकडे आलं. पहिल्या दिवशी त्यांनी घातलेली वेणी पार कानामागे गेली होती. आईनं आरशात पाहिलं आणि ती तशीच बाजाराला निघाली. वाटेत जी भेटेल तिला थांबवून सांगत होती, "आमच्या ह्यांनी घातली."