हात लागलेली वस्तू

आमच्या टायपिंगच्या वर्गाच्या बाई, गावाच्या टायपिंगबाई, बाजारात गेल्या की आधी भाव विचारत नसत, आधी वस्तूवर हात ठेवत. पंजा पूर्ण उघडून, ठामपणे. मग तो भोपळा असो नाहीतर पितळी तांब्या, दुसऱ्या कुणाची त्याच्याकडे बघायची टाप नव्हती. एकदा एका नव्या भाजीवाल्यानं बाईंनी हात ठेवलेली मेथीची जुडी एका साहेबाच्या बायकोला दिली. बाईंनी आरडाओरडा केला नाही. त्या फक्त म्हणाल्या, "तुझा बाजार उठणार." दोन पावसाळे गेले नाहीत तोवर तो माणूस जव्हार सोडून गेला. त्याच्या जाण्याशी बाईंचा काही संबंध नव्हता, पण गावात सगळे तो जोडत, आणि खरं सांगायचं तर मीही जोडत असे.

हे वळण त्यांना खोडाळ्याच्या आठवडी बाजारानं लावलं होतं. त्यांच्या वडिलांचं तिथं भांड्यांचं दुकान, म्हणजे जमिनीवर अंथरलेलं एक गोणपाट. डोंगरातला माणूस यायचा, एखाद्या पातेल्यावर हात ठेवायचा आणि आपली नागली, म्हणजे नाचणी, नाहीतर सरपणाची मोळी विकायला निघून जायचा. पैसे हातात आले की परत यायचा. तोवर ते पातेलं बाजूला. दुप्पट भाव आला तरी द्यायचं नाही, कारण त्याला हात लागलेला असे. एकदा असाच एकजण पातेल्याला हात लावून गेला तो आलाच नाही. वडिलांनी ते पातेलं दर बाजाराला नेलं आणि दर बाजाराला परत आणलं. अख्खा पावसाळा गेला, दिवाळी आली, आणि तो आला. आजारी होता म्हणे. बाई ही गोष्ट आम्हाला इतक्या वेळा सांगत की आम्ही विद्यार्थी त्यांच्या आधीच शेवट म्हणत असू. त्याचा त्यांना राग येत नसे. "आला ना शेवटी?" एवढं विचारून त्या पुन्हा कामाला लागत.

मी त्यांच्याकडे टायपिंग शिकायला गेलो आणि तिथलाच झालो. पुढे यंत्रं गेली, संगणक आले, टेलिफोनच्या तारेतून रडतखडत इंटरनेट आलं. पाटीवरचं 'टायपिंग' मात्र बाईंनी पुसू दिलं नाही. दोन हजार सालानंतर चारपाच वर्षांनी आम्ही लोकांच्या वेबसाइट करून द्यायला लागलो, आणि मग बाईंच्या डोक्यात आलं की आपल्या भागातला माल थेट मुंबई-पुण्याच्या घरांत विकता येईल. मध, नागलीचे पापड, बांबूची सुपं, आणि मंगळीची चित्रं, प्रत्येकाचं इंटरनेटवर वेगळं दुकान.

मंगळी खोडाळ्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. लग्नघरी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहायला तिला लांबून बोलावणं येई. ती चित्र काढते असं कधी म्हणत नसे, लिहिते म्हणे. बाईंनी तिला कापड आणून दिलं, गेरू आणि तांदळाचं पीठ तिचं स्वतःचं. नवरा लक्षा तिच्याबरोबर यायचा आणि दाराबाहेर बसून राहायचा. कडेवर त्यांची लेक ठकी, दीड-दोन वर्षांची, काडीसारख्या हातापायांची. तिला मोडक्या टाइपरायटरवर बोटं आपटायला फार आवडायचं. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास हे तिघं मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जात, ते शिमग्याला परत येत. आधीच्या वर्षी ठकी भट्टीवर धुरानं मरता मरता वाचली होती. मंगळीनं बाईंना एकच गोष्ट विचारली होती: चित्रं विकली गेली तर यंदा जावं लागणार नाही ना? बाई म्हणाल्या होत्या, "नाही लागणार." त्या असा शब्द सहसा देत नसत.

त्यामुळे दुकानांसाठी सॉफ्टवेअर निवडायची वेळ आली तेव्हा बाईंनी जी परीक्षा मांडली तिला मी हसलो नाही. गिऱ्हाईक निवडलेली वस्तू ज्यात ठेवतं त्या कार्टला त्या टोपली म्हणत, आणि त्यावरून सॉफ्टवेअरलाही. तीन टोपल्या आमच्यापुढे होत्या. वर्गात दोन संगणक एकमेकांकडे पाठ करून ठेवले, एकावर मी, दुसऱ्यावर एक विद्यार्थिनी, मध्ये बाई गोणपाटावर बसल्यासारख्या मांडी घालून. आम्ही दोघांनी एकाच वेळी एकच चित्र घ्यायचं, आणि कोणती टोपली काय करते ते बघायचं.

पहिली टोपली फुकट होती. तिनं तेच एक चित्र आम्हा दोघांनाही विकलं आणि दोघांचेही आभार मानले. बाईंनी तिचं नाव उधळी ठेवलं. दुसरी महिन्याच्या भाड्याची, दिसायला देखणी. तिच्यात मी आधी चित्र टोपलीत टाकलं होतं, पण समोरच्या मुलीनं आधी पैसे भरले, आणि माझ्या टोपलीतून चित्र गुपचूप नाहीसं झालं. बाईंचा चेहरा उतरला. "हातातनं काढून घेतलं रे तुझ्या," त्या म्हणाल्या. "ही तर चोरटी." ती देखणी टोपली तिथंच बाद झाली.

तिसरीला त्या मुकी म्हणत, कारण तिच्याबद्दल काही विचारावं तर कुठूनही उत्तर येत नसे. कुणी बनवली, कुठल्या देशात, काही पत्ता नाही. पण तिच्यात एक सोय होती. गिऱ्हाइकानं वस्तू टोपलीत टाकली की ती त्याची, दुसऱ्याला लगेच 'संपले' असं दिसायचं. किती मिनिटं धरून ठेवायची यासाठी एक रिकामी चौकट होती. रिकामीच ठेवली तर मुदत नाही. मी विचारलं, अर्धा तास टाकू का? बाई म्हणाल्या, "माणूस घरी विचारून येतो, पैशाची सोय करून येतो. घड्याळ लावून काढून घ्यायचं का त्याच्या हातातनं?" मला ते पटलं. आपल्या बाजाराची रीत त्या परक्या यंत्राला ठाऊक आहे याचा मला आनंदच झाला होता. चौकट रिकामी राहिली.

नवरात्राच्या आसपास दुकानं सुरू झाली. मधाच्या दोन बाटल्या गेल्या, एक सूप गेलं, मंगळीचं एक चित्र पुण्याला गेलं. ते चित्र गुंडाळताना बाई गुणगुणत होत्या. त्यांना मी त्याआधी आणि त्यानंतर कधी गुणगुणताना ऐकलं नाही.

मग एका सकाळी मधाचं दुकान उघडून बघतो तर सगळं 'संपले'. मागच्या कपाटात बाटल्या तशाच उभ्या. आतल्या पानावर पाहिलं तर सगळाच्या सगळा माल एका टोपलीत गेलेला. नाव नाही, गाव नाही, फक्त घेणाऱ्या संगणकाचा आकड्यांतला एक पत्ता. आम्हाला आधी हर्षच झाला, बडं गिऱ्हाईक लागलं म्हणून. दुसऱ्या दिवशी सुपांचं दुकान तसंच रिकामं झालं, त्यानंतर पापडांचं. ते जे काही होतं ते पुढे पुढे येत होतं. पहिल्या वस्तूपासून शेवटच्या वस्तूपर्यंत ओळीनं, आणि प्रत्येक दोन वस्तूंमध्ये अंतर अगदी सारखं. गिऱ्हाईक म्हटलं की ते थांबतं, मागे जातं, नाक मुरडतं. हे कशावरच रेंगाळत नव्हतं. बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "याला आवडनिवड नाही." वर्गात ऊन येत होतं, मुलं खडखड टाइप करत होती, तरी मी खुर्ची पडद्यापासून मागे सरकवली.

चौथं दुकान मंगळीचं होतं. तेही गेलं.

मी म्हणालो, काढून घेऊ, दुकान मोकळं करू. बाई तयार होईनात. हात लागलाय, येईल, असं त्या म्हणत राहिल्या. मधवाले काका येऊन भांडून गेले आणि आपलं दुकान बंद करायला सांगून गेले. बाईंनी ऐकून घेतलं. रोज सकाळी आल्या आल्या त्या आधी ती टोपली उघडत, पैसे आलेत का बघत, आणि मिटत. जव्हारचं धुकं तेव्हा विरत चाललं होतं आणि रस्त्यावर मुकादमांच्या गाड्या दिसायला लागल्या होत्या.

दिवाळीच्या तोंडावर मंगळी आली. खोडाळ्याला ट्रक लागलाय, नेहमीचाच मुकादम आहे, काय करू म्हणाली. बाई कधी खोटं बोलत नसत, तेव्हाही बोलल्या नाहीत. जे होतं तेच सांगितलं, की कुणीतरी सगळी चित्रं धरून ठेवली आहेत, पैसे यायचे आहेत.

"सगली?" मंगळीनं विचारलं. "कोन मानूस हाय तो?"

"ठाऊक नाही गं. पण मोठा असावा."

मंगळी हसली आणि पदर तोंडाशी धरून दाराकडे बघायला लागली. बाहेर बसलेल्या लक्षानं सगळं ऐकलं होतं. त्यानं त्याच दिवशी मुकादमाला नाही सांगितलं. ट्रक त्यांच्यावाचून गेला. त्या दिवशी बाईंना न जुमानता ती टोपली फोडावी असं मला वाटलं होतं, आणि त्या रागाचा काही भाग अजून माझ्या पोटात आहे. प्रेम आहे म्हणून तो जात नाही.

दिवाळी झाली आणि पाडे ओस पडले. टोपली भरलेलीच होती. त्या सुमारास बाईंचा एक जुना विद्यार्थी सुट्टीवर आला. तो नाशिकला संगणकाच्या नोकरीत होता. फराळाचं ताट हातात घेऊन त्यानं पडद्यावरचा तो आकड्यांचा पत्ता बघितला आणि त्याला हसू आवरेना. हा माणूसच नाही, तो म्हणाला. इंटरनेटवरची सगळी पानं वाचत फिरणारं यंत्र असतं, कुठं काय आहे याची नोंद ठेवायला. दिसेल त्या दुव्यावर ते जातं. 'टोपलीत टाका' हाही त्याला एक दुवाच, म्हणून तेही दाबत पुढे गेलं.

बाईंनी शांतपणे विचारलं, "मग परत ठेवायचं त्याला कळत नाही?"

"बाई, त्याला घेतलंय हेच कळत नाही."

त्याचं हसू मग थांबलं, कारण बाईंकडे त्याचं लक्ष गेलं. त्यांनी उठून स्वतः ती टोपली रिकामी केली, चौकटीत अर्धा तास टाकला आणि पदर खोचून खोडाळ्याची एसटी धरली. मी मागोमाग गेलो. पाड्यावर मंगळीच्या दारापुढे काटेरी फांदी आडवी टाकलेली होती, म्हणजे घरात कुणी नाही. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं की दाणे संपले तसे दोघं पोरीला घेऊन दुसऱ्याच एका मुकादमाबरोबर गेले. वापीच्या पलीकडे कुठंतरी. भट्टीचं नाव तिला ठाऊक नव्हतं, मुकादमही या बाजूचा नव्हता. बाई त्या फांदीसमोर उभ्या राहिल्या, एसटीची वेळ टळून गेली तरी हलल्या नाहीत.

शिमग्याला सगळे आले, हे तिघं आले नाहीत. बाई खोडाळ्याच्या स्टँडवर जाऊन बसत, उतरणाऱ्या माणसांना विचारत. मी त्यांना घरी चला म्हणायचो. त्या यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायच्या. आपल्या वडिलांची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी सांगितली नाही.

पुढचा पावसाळा सरला आणि एके दुपारी मंगळी वर्गाच्या दारात उभी राहिली. एकटी होती. कडेवर कुणी नव्हतं. आम्ही काही विचारायच्या आधीच तिनं सांगितलं, पोरीला ताप आला, दवाखाना लांब होता, राहिली नाय. लक्षा तिकडंच आहे. हे सगळं तिनं उभ्या उभ्या सांगितलं. मग ती खाली बसली आणि तिनं बाईंना विचारलं, "तो मानूस आला का नाय, बाई? चित्रं धरलेला."

आमच्या मागच्या कपाटात ती सगळी चित्रं गुंडाळून ठेवलेली होती. बाईंनी तिकडे बघितलं नाही.

"आला होता," बाई म्हणाल्या. "सगळी घेऊन गेला."

"आवाडली त्याला?"

"आवडली."

मंगळीच्या तोंडावर तेव्हा जे आलं त्याला समाधान म्हणावं की काय, मला सांगता येत नाही. मी बाहेर जाऊन चहा घेऊन आलो. तो पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "मंग आनखी लिहीन त्याच्यासाठी." आणि बाई हो म्हणाल्या.

त्यानंतर मंगळी चित्रं आणत राहिली, आणि बाई 'त्याच्या'साठी ती ठेवून घेत राहिल्या. पैसे बाईंच्याच पर्समधून जात. ती भट्टीवर पुन्हा कधी गेली नाही. लक्षाही एका शिमग्याला परतला. चित्रांत आता एक बारकी आकृती असे, नाचणाऱ्यांच्या फेरापासून थोडी लांब, एकटी. बाई प्रत्येक चित्रात ती आधी शोधत. दुकानांची कामं आम्ही बंद केली होती. बाईंचा आवाज बसत गेला, वर्गात त्या क्वचितच बोलत. कुणी नवं काही सुचवलं तर नुसतं ऐकून घेत आणि तोंड फिरवत. एका चैत्रात, चार दिवस अंथरुणावर राहून, त्या गेल्या.

दहाव्याला मंगळी आली, लक्षाही होता. तिच्या हातात कापडाची नवी गुंडाळी होती. ती तिनं बाईंच्या फोटोपुढे न ठेवता माझ्याकडे दिली. मग हलक्या आवाजात तिनं मला विचारलं, "बाई गेल्या, तं त्या मानसाला आता कोन सांगल?"

मी गुंडाळी घेतली आणि म्हणालो, मी सांगेन.